रिकामी नाव वर जात नाही

समारंभाच्या अध्यक्षा बर्निसताई, व्यासपीठावरचे केंद्राचे आणि राज्याचे अधिकारी (आज एकाच बाकावर बसलात, आनंद आहे), पहिल्या रांगेतल्या मात्रोना आजी, सत्कारमूर्ती ऑर्व्हिल लिंडक्विस्ट साहेब आणि जमलेल्या गावकऱ्यांनो,

मी राज्य सरकारची अभियंता. ऑर्व्हिल साहेब केंद्राचे. त्यांच्या निरोपाला बोलायला मलाच का बोलावलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला आहे.

आपल्या अलास्कातला नियम सगळ्यांना पाठ आहे. अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला त्या काळातली नाव माल घेऊन ज्या नदीतून जाऊ शकत होती, तिचा तळ राज्याचा. नाहीतर, दोन्ही काठ केंद्राचे असतील तिथे, तळही केंद्राचा. साहेबांचं मत ठाम होतं: आपल्या कशुना नदीतून बदकाखेरीज काही जात नाही. म्हणून तळ केंद्राचा, आणि त्या तळाचाच भाग असलेल्या वाळूच्या बेटावरचं आजींचं, प्रवाहाने फिरून मासे धरणारं चक्र काढा, अशी केंद्राची नोटीस आली. चक्र गेलं तर हिवाळ्यात खायचं काय, हे आजींनी विचारलं होतं.

उन्हाळ्यात साहेब नदी उथळ असल्याचा पुरावा गोळा करायला प्रवाहाच्या वरच्या बाजूला निघाले. कशातून? जुन्या घडणीच्या लाकडी नावेतून. रस्ताच नाही, दुसरं करणार काय?

काठावर आजी उभ्या होत्या.

"ऑर्व्हिल, वर चाललास?"

"सरकारी काम आहे, आजी."

"असू दे. माझ्या बहिणीकडे एवढी शेगडी पोचव. आणि पिठाचं पोतं."

"आजी, ही तपासणी आहे!"

"मग तपास की. रिकामी नाव वर नेतोस? लोक काय म्हणतील?"

आपल्याकडे वर जाणारी नाव शेजाऱ्याचं ओझं नाकारत नाही. साहेबांनी लोखंडी शेगडी उचलली. पोतंही.

तळ कुणाचा, यावरच्या सुनावणीत राज्यातर्फे मी साहेबांना एवढंच विचारलं, "उथळ जागेपर्यंत कसे गेलात?"

"नावेतून."

"एकटेच?"

"शेगडी होती."

"पोचली?"

"पोचली."

"भाडं?"

"वाळवलेला सामन मासा. उत्तम होता."

सभागृह इतकं हसलं की सुनावणी थांबवावी लागली. नदीचा तळ राज्याकडे आला, राज्याने परवानगी दिली आणि चक्र आजही फिरतं आहे. आज तुम्ही जेवाल तो मासा त्यातलाच.

आता एक शंका. हा नियम मला शिकवला तो ऑर्व्हिल साहेबांनीच, मी विद्यार्थिनी असताना. शेगडी म्हणजे माल, हे त्यांना कळलं नसेल? मागच्या आठवड्यात मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "रिकामी नाव फार हलते गं." मी मोजमापं करते, अंदाज करत नाही. त्यामुळे यावर माझं मत नाही.

निवृत्तीनंतर साहेब कशुनाच्या वरच्या अंगाला राहायला चालले आहेत. पंचवीस पेट्या, पलंग आणि बायकोचा पियानो घेऊन. नाव आमच्या खात्याने दिली आहे. साहेब, एक विनंती: निघण्यापूर्वी मागे बघा. आजींनी दोन पोती आधीच चढवली आहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे खडक लागला असेल तर सांभाळून घ्या. तळ आमचाच आहे, तेव्हा दोषही आमचाच.