बाबारावांची शेवटची ओळ

मूळ आमचं कोकणातलं, अलिबागच्या बाजूचं. धर्मानं आम्ही यहुदी, बेने इस्राएल. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून तिकडे आम्हाला शनिवार तेली म्हणत. वडील खामगावला आले ते एका तेलगिरणीत इंजिन फिटर म्हणून. मालकाला त्यांनी एकच अट घातली, शनिवारी मी इंजिनाला हात लावणार नाही, आणि फिटरशिवाय इंजिन चालेना म्हणून गिरणीची सुट्टीच शनिवारी पडू लागली. मी जन्मलो इथेच. हायस्कुलात इतिहास शिकवला, तेव्हा सांगतो तसं लिहा, मागाहून दुरुस्त्या मला चालत नाहीत.

थोरला भाऊ शालोम. त्याला विशीतच झायनवादानं धरलं. जेवताना तो वडिलांना पत्रकं वाचून दाखवी, की युरोपात आपल्या लोकांना घरातून ओढून मारलं, दोन हजार वर्षं दुसऱ्यांच्या दयेवर काढली, आता आपलं राष्ट्र झालंय, तिथं गेलं पाहिजे. वडील म्हणत, मारलं हे खरं, त्यांना घर हवंच होतं, पण तुला खामगावात कोणी मारलं? तो म्हणे, उद्या मारणार नाहीत कशावरून? वडील म्हणत, आणि त्या जमिनीवर जे आधीपासून राहत होते त्यांना कोणी विचारलं का? काय सांगू तुम्हाला, पुढे पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की हा वाद त्या चळवळीइतकाच जुना. कोणी म्हणे राष्ट्र हवं, कोणी म्हणे भाषा आणि विद्या जगवा तेवढं पुरे, कर्मठ म्हणत मशीहा येण्याआधी परतणं हेच पाप, आणि कित्येक म्हणत राहतो तोच देश. एकाचं स्वातंत्र्य ती दुसऱ्याची, तिथल्या अरबांची, नक्बा, म्हणजे सर्वनाश. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात, ताटातली भाकरी गार होईपर्यंत चालायचं.

शालोम इस्राएलला गेला. साठच्या दशकाची सुरुवात होती. दोन वर्षांनी पत्र आलं. युरोपातून आलेल्या एका यहुदी घरातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि तिथले धर्माधिकारी म्हणत होते, हे बेने इस्राएल खरे यहुदी कशावरून, आईकडच्या पिढ्यांचा पुरावा आणा, त्याशिवाय लग्न लावणार नाही. खामगावात आमचं सिनेगॉग नाही, पुरोहित नाही. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला घेऊन गिरणीत गेले.

मुकादम बाबाराव म्हणाले, काऊन हो फिटरदादा, तोंड काऊन उतरलं? वडिलांनी सांगितलं, तिकडे मी कोण याचा पुरावा मागून राहिले. बाबाराव म्हणाले, असं काय? लिही बे शामू, मी सांगतो. मी लिहिलं. या माणसानं वीस वर्षांत शनिवारी इंजनाले हात लावला नाही, मालकानं लाख मनवलं तरी नाही, असा मारुतीचा पक्का भक्त साऱ्या खामगावात दुसरा नाही.

माझा हात थांबला. वीस वर्षं ती माणसं समजत होती की वडील मारुतीचा शनिवार पाळतात. बाबाराव दर शनिवारी देवळातला नारळाचा तुकडा घरी आणून देत. वडील तो खात नसत, नाकारतही नसत, कोनाड्यात ठेवत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाबा, शेवटची ओळ गाळू. ते म्हणाले, गाळायची नाही. त्यानं पाहिलं ते सांगितलं. त्या धर्माधिकाऱ्यांनी आपल्याला कधी पाहिलं?

सगळ्या गिरणीच्या सह्याअंगठ्यांनिशी कागद तसाच गेला. शालोमनं कळवलं, ते म्हणतात हा पुरावा तुमच्याच विरुद्ध आहे. पुढे आमचे लोक तिथं बायकामुलांसह रस्त्यावर बसले, हटले नाहीत, तेव्हा अट मागे घेतली गेली आणि लग्न झालं. शालोम त्याच मातीत पुरला आहे.

अलीकडे तिथं युद्ध पेटल्यावर माझ्याकडे दोन मंडळी आली. एकांना यहुदी म्हणून माझ्या गळ्यात हार घालायचा होता, दुसऱ्यांना यहुदी म्हणूनच माझी निषेधावर सही हवी होती. मी म्हटलं, मेलेली लेकरं कोणत्या बाजूची हे विचारणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही. चहा दिला, वाटेला लावलं.

शालोमचा नातू फोनवर मोडक्या मराठीत म्हणतो, आजोबा, तिथं एकटे काऊन राहता, इकडे या, फक्त यहुदी असल्याचा कागद लागेल. मी म्हटलं, कागद आहे, कार्बन प्रत पेटीत आहे. शेवटच्या ओळीसकट चालत असेल तर बोल. त्यानं विचारून सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी मी चूल पेटवत नाही. बाबारावांची नात येऊन न सांगता चहा ठेवते, सोबत नारळाचा तुकडा आणते. तो मी कोनाड्यात ठेवतो. तुमचंही भलं होवो. वाचून दाखवायला याल तेव्हा शनिवार सोडून या.