झाड सरळ धर

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. बद्रीनाथ सरांनी टेम्पोत चढतानाच बजावलंय, पाहुणे येईपर्यंत झाडानं एक अक्षर बोलायचं नाही... पण पाहुणे आहेत कुठे? तुम्ही नांदूरघाटची मुलं केव्हाची उन्हात मांडी घालून बसलाय, मी केव्हाची या पिंजऱ्यात उभी आहे, तुमच्या डोक्यावर निदान कागदाच्या हिरव्या टोप्या तरी आहेत, माझ्या डोक्यावर तेही नाही, कारण झाडाला टोपी नसते असं सर म्हणतात. मग काय करू, सांगतेच. जरा पुढे सरका, मला मोठ्यानं बोलता येत नाही. वर्गात हजेरीला माझं 'हजर' बाईंपर्यंत पोचत नाही, शेजारची मुलगी माझ्या वाटचं ओरडते. आणि पुढच्या रांगेतली तुम्ही एकमेकांना कोपरानं ढोसून जे विचारताय ना, त्याचं उत्तर असं, की निघायच्या आधीच जाऊन यावं लागतं. हसू नका, सर बघतील.

तर तुम्हाला सांगते, मी झाड कशी झाले.

आमच्या गावात, म्हणजे तालुक्याच्या गावात, हल्ली जो तो मोटारसायकल घेतोय. जिथं म्हैस बांधायचे तिथं आता गाडी उभी असते आणि सकाळी तिला म्हशीसारखीच अंघोळ घालतात. पानटपरीवर जायचं तर गाडी, समोरच्या गल्लीत लग्नाचं आवतण द्यायचं तर गाडी. माझे काका तर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून नाक्यापर्यंत गाडीवर जातात आणि तिथं उतरून चालतात. या गाड्या विकतं कोण? अर्जुनराव. आमच्याकडचे पुढारी. त्यांनी मोठ्या रस्त्याला काचेचं शोरूम काढलंय. गावात धूर इतका झाला की दोरीवरचा पांढरा सदरा संध्याकाळी काढताना कुणाचा आहे ते ओळखू येईना. मग धुराविरुद्ध मंडळ निघालं. अध्यक्ष कोण? सांगा बघू. अर्जुनरावच.

"शहर हिरवं झालं पायजे," अर्जुनराव आमच्या शाळेत येऊन म्हणाले, "एकेक झाड धूर पितंय, धूर. आमी गाड्या देतो, तुमी झाडं लावा. म्हंजी हिशेब बराबर."

आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवा म्हटलं होतं.

आता गंमत अशी, की शोरूमच्या अगदी पुढ्यात एक जुना कडुलिंब आहे आणि त्या लिंबाखाली माझ्या वडिलांचं, सिद्धाराम अप्पांचं, सायकलीचं दुकान आहे. दुकान म्हणजे भिंती नाहीत, दार नाही, पाटी नाही. फांदीला टायरी टांगलेल्या, बुंध्याला पंप टेकवलेला, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. लिंब म्हणजेच दुकान. शेजारी भामाबाई शेंगा विकतात, तेवढीच वस्ती. मंडळानं नवी झाडं ओळीत लावायची ठरवली आणि लिंब नेमका ओळीच्या बाहेर. तो शोरूमच्या पाटीच्या आडही येतो, पण ते कुणी बोललं नाही, सगळे ओळीचंच बोलत होते.

"सिद्धाराम," अर्जुनराव अप्पांना म्हणाले, "कार्यक्रम झाला की सांजच्याला लिंब काढायचा हाय. तू आपला पसारा आवर."

"कावून, मालक?" अप्पा म्हणाले. "झाडं लावायलाव नव्हं तुमी?"

"लावायलाव म्हणूनच काढायचा. हिरवं काम हाय बे, मधी येऊ नगंस."

अप्पा माझ्यासारखेच आहेत, फार बोलत नाहीत. ते खाली बसले आणि हातातल्या चाकात हवा भरायला लागले... भरतच राहिले, भरतच राहिले, शेवटी ट्यूब फाटली तेव्हा थांबले.

तो दिवस उजाडला. माजलगावहून गुलमोहराची रोपं आणलेली, चांगली उंच, पण खड्डे? खाली कडक मुरूम लागला म्हणून मजुरांनी वीतभर उकरून सोडून दिलेलं. त्यात सगळ्यात पुढचं रोप, बीडहून येणाऱ्या साहेबांच्या हातून लावायचं ते, काही केल्या उभं राहीना. सोडलं की माजलगावच्या दिशेनं कलायचं. बद्रीनाथ सर आम्हाला चित्रकला शिकवतात आणि गणपतीत सगळ्या मंडळांचे सजीव देखावे बसवतात, त्यामुळे काहीही पडायला लागलं की लोक सरांना बोलावतात. सरांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. मी मान खाली घातली. मान खाली घातली की माणूस पहिला सापडतो, हे मला तेव्हा कळलं.

"कावेरी, तू बारीक आहेस. खाली बसून बुडाशी धर, कुणाला दिसणार नाही. बाकी काही करू नकोस, तू फक्त झाड सरळ धर."

मी धरलं. आणि तेवढ्यात आला बंकट मिस्त्री, लोखंडी पिंजरा घेऊन. मागच्या साली बांबूचे पिंजरे लावले होते, ते आठवड्यात लोकांनी कोंबड्या झाकायला नेले. म्हणून यंदा लोखंडी, दोन भागांत, मधे नट, आणि नट आवळून वरून हातोडीनं ठेचायचे, म्हणजे कुणाच्या बापाला निघणार नाहीत. पिंजऱ्याच्या चारी बाजूंना शोरूमच्या पत्र्याच्या पाट्या. बंकट मिस्त्री बाहेरून पाट्या बघत होता, आत बघतोय कशाला. त्यानं इकडून अर्धा लावला, तिकडून अर्धा लावला, नट पिळले, ठेचले. मी म्हटलं, "मिस्त्री..." पण माझा आवाज तुम्ही ऐकताय ना, कसा आहे? हातोडीपुढे काय टिकणार? नंतर मिस्त्री म्हणतो कसा, "पिंजरा ठोकताना आत कोण हाय म्हणून झाडाला कुणी इचारतंय व्हय?"

मग सर आले. मी दोन पाट्यांच्या फटीतून म्हटलं, "सर, मी आत..."

"आतच आहेस ना? मग छान. हलू नकोस."

"सर, पिंजरा..."

"रॅली आली, रॅली आली. कावेरी, तू फक्त झाड सरळ धर."

रॅली कशाची? धूर हटवा रॅली. कशावर? मोटारसायकलींवर. पुढं कापडी फलक होता म्हणतात, पण त्यावर काय लिहिलंय ते धुरातून कुणालाच वाचता आलं नाही. बंकट मिस्त्री पाना खिशात घालून कुणाच्या तरी मागं बसला आणि रॅलीबरोबर गावाला फेरी मारायला निघून गेला. आता मला सांगा, आत मी, बाहेर पाना नाही, आणि समोरून बीडच्या साहेबांची मोटार येतेय.

साहेब उतरले. ड्रायव्हरनं सवयीनं मोटार नेऊन लिंबाखाली लावली. साहेब हातात पाण्याची झारी घेऊन पिंजऱ्यापाशी आले, वाकले, आणि पाट्यांच्या फटीत त्यांना काय दिसावं? दोन डोळे.

"हे काय आहे?"

अर्जुनरावांनी सरांकडं बघितलं. सरांना घाम फुटलेला मला आतून दिसत होता. आणि आमचे सर म्हणजे आमचेच सर, ते म्हणाले, "सजीव देखावा आहे, साहेब. झाडाचं मनोगत."

"हां, मनोगत," अर्जुनराव म्हणाले. "बोल गं पोरी."

बोल गं पोरी. जिला हजर म्हणता येत नाही तिला. झाडाचं मनोगत मी निबंधात लिहिलंय, त्याला दहात सहा पडलेत, पण ते घरी बसून, पंख्याखाली. मी उभी राहिले. पाट्यांच्या वरून आता मला रस्ता दिसत होता, आणि रस्त्याकडेला अप्पा दिसत होते. ते फांदीवरच्या टायरी एकेक करून काढत होते आणि काढलेली टायर पुसून खाली ठेवत होते. आता विकायच्या नाहीत, टांगायच्या नाहीत, मग पुसायच्या कशाला? ते मला बघवेना. मी तोंड उघडलं. आवाज इतका लहान निघाला की साहेबांना गजाला कान लावावा लागला, आणि साहेबांनी कान लावल्यावर बाकी सगळ्यांना गप्प बसणं भाग पडलं.

मी म्हटलं, "मला आज लावलं. माझी सावली पडेल तेव्हा या मुलांची लग्नं होऊन गेलेली असतील. तोवर जो सावली देतो त्याला आज संध्याकाळी तोडणार आहेत. त्याच्या खाली सायकली दुरुस्त होतात. सायकलीचा धूर निघतच नाही, तो प्यायला मी लागतच नाही."

"कुणाला तोडणार?" साहेबांनी विचारलं.

मी गजातून बोट बाहेर काढलं. सगळ्यांनी वळून बघितलं, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मांडवात कुणीच नाही. मांडवाचं कापड पातळ, खुर्च्या तापलेल्या. सगळं गाव लिंबाखाली उभं. बँडवाले लिंबाखाली, पोलीस लिंबाखाली, धूर हटवायला आलेल्या, पण उन्हामुळं रॅलीतून मागं राहिलेल्या मोटारसायकली लिंबाखाली. आणि मधोमध साहेबांची मोटार.

साहेब मोटारीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तोडलं तर गाडी कुठं लावायची?"

"तोडायचं कोण म्हणतंय, साहेब?" अर्जुनराव म्हणाले. "ह्या झाडाला तर आजपासून मी दत्तक घेतलंय."

काय टाळ्या पडल्या. मला वाजवता आल्या नाहीत, मी झाड धरलेलं.

मिस्त्री दुपार कलल्यावर उगवला, पण ठेचलेले नट त्याच्या पान्याला दाद देईनात. तोवर भामाबाई गजातून मला शेंगा भरवत होत्या, "खा गं माय, झाडाला बी खत लागतंय," आणि पोरं मला बघायला रांग लावून उभी होती. शेवटी अप्पा कानस घेऊन आले. नट घासता घासता, माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "बरं बोललीस." आणि टायरी परत टांगायला गेले. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी मी घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि अगदी निवांत झोपले.

संपतंय कसलं?

सकाळी अर्जुनराव दारात. "देखावा लई गाजला. आता गावोगाव न्यायचा." तेव्हापासून दर रविवारी हा पिंजरा, हा टेम्पो आणि हेच गुलमोहराचं रोप, तेलाच्या डब्यात. हे रोप इतकी गावं हिंडलंय, पण जमिनीत म्हणाल तर त्या वीतभर खड्ड्यानंतर एकदाही गेलेलं नाही. पानं पिवळी पडली तर सर त्यांना हिरवा जलरंग देतात, म्हणून हात लावू नका, लागतो. आणि टेम्पो? शहरं हिरवी करायला निघालेला तो टेम्पो मागं असा काळा धूर सोडतो की सायकलवाले उतरून शेतात उभे राहतात.

मी म्हटलं नाही असं नाही. मी आईला घेऊन अर्जुनरावांकडं गेले. आईच बोलली, मी आईच्या मागं होते. ते हसले. म्हणाले, "उमाबाई, देखावा हाय तोवर लिंब हाय. दत्तक लेकराला कोण काढतंय व्हय घराबाहेर? पर देखावाच थांबला, तर मग..." आणि परत हसले. आता ते हसले म्हणजे ती चेष्टा होती का? आई म्हणते चेष्टाच. अप्पा चाकात हवा भरायला लागतात. मी रविवारी टेम्पोत चढते.

आणि लिंब राहिला ना? राहिला. त्याच्या सावलीत आता शोरूमच्या नव्या गाड्या लावतात, सीट तापू नये म्हणून. बुंध्याभोवती गाड्यांचं कडं, मधे अप्पा. सायकलवाले गाड्यांच्या पलीकडं उन्हात थांबतात आणि चाक वरून आत देतात, अप्पा हवा भरून परत वरून बाहेर देतात. परवा त्यांना जेवायला घरी यायचं होतं, तर एक गाडी विकली जाईपर्यंत थांबावं लागलं.

आता माझं मनोगत ऐका, म्हणजे आत्ता पाहुण्यांसमोर म्हणायचंय ते. लिंबाचं वाक्य काढलं. सायकलीचं काढलं. त्या जागी सरांनी मान खाली घालून नवीन लिहून दिलं, "मी झाड आहे. मला चार स्ट्रोकची नवी गाडी आवडते, ती धूर कमी सोडते." हे मी म्हणते. खरंच म्हणते. केज तालुक्यातल्या निम्म्या गावांत म्हणून झालंय, आणि प्रत्येक वेळी कार्यक्रम संपला की लोक झाडाला नाही, अर्जुनरावांना गाठतात, रंग कोणकोणते आहेत विचारायला. सर म्हणतात, तू विचार करू नकोस, तू फक्त झाड सरळ धर.

पण काल मी अप्पांना डबा द्यायला गेले होते. गाड्यांवरून डबा आत दिला, त्यांनी घेतला, आणि गाड्यांच्या मधून वर बघून मला विचारलं, "तिकडं पिंजऱ्यात ऊन लई लागतंय का गं?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. म्हणून रात्रभर विचार करून मी ठरवलंय, आज ते गाडीचं वाक्य म्हणायचंच नाही. आज पाहुणे गजाला कान लावतील ना, तेव्हा मी त्यांना सरळ सांगणार आहे की शहर हिरवं करायचं असेल तर आधी अर्जुनरावांच्या त्या गाड्या लिंबाखालून...

"ए कावेरी, गप. पाहुणे आले. आणि हे बघ, बंकट पाना खिशात घालून लग्नाला गेलाय, तेव्हा जाताना पिंजऱ्यासकट टेम्पोत उभीच राहा, घरी अप्पा काढतील. काळजी करू नकोस. तू फक्त झाड सरळ धर."

धरलंय, सर.