दहापासून मोजलेलं दार

मुकादम : थांबा, थांबा! काका, पहार सोडा. सहाशे किलोचं मशीन आहे, अंग चोरून दारातून शिरणार नाही.

वडील : शिरेल. जरा तिरकं घ्या.

मुकादम : तिरकं घेऊन उंची कमी झाली असती, तर मी घरी न्हाणीघरात कपाट बसवलं असतं. वर बघा. मशीनचं डोकं चौकटीच्या वर चार बोटं आहे.

मुलगी : असं कसं होईल? कागद आहे माझ्याकडे. दार दोनशे आठ सेंटिमीटर. मशीन, खाली सरकवायला घातलेल्या पाइपांसकट, दोनशे चार. उलट चार मोकळे राहायला हवेत.

मुकादम : मग कागद न्या आत, ताई. तो बसेल.

वडील : चेष्टा पुरे. तुम्हीच जाड पाइपांवर चढवलंय ते.

मुकादम : हो, माझंच चुकलं. वाटेत पाणी घातलं पाइपांना, वाढले. ताई, हा माझा टेप धरा. फरशीपासून वरच्या लाकडापर्यंत. काय आलं?

मुलगी : एकशे अठ्ठ्याण्णव.

मुकादम : बरोब्बर दहाचा फरक! घर खचलं म्हणावं, तर भिंतीला साधा तडा नाही.

वडील : बघू तो टेप. नवा कोरा दिसतोय. नव्यांचं काही खरं नसतं.

मुलगी : बाबा, दार तुम्ही मोजलं होतंत. तुमच्या टेपनं.

वडील : कारखान्यात चाळीस वर्षं त्याच टेपनं मोजलंय मी.

मुलगी : आणि त्यातली वीस वर्षं त्याचं टोक तुटलेलं आहे. म्हणून तुम्ही शून्याऐवजी दहाच्या खुणेपासून मोजता आणि शेवटी दहा वजा करता.

मुकादम : नवा टेप मिळतो हो, काका. त्याला ओळखपाळख लागत नाही.

वडील : आमच्या टेपला आमच्या हाताची सवय आहे. आणि दहा वजा ही पोरगी करेल, म्हणून मी केले नाहीत.

मुलगी : वजा तुम्ही करूनच लिहिता, म्हणून मी केले नाहीत.

मुकादम : वा! एकमेकांवर एवढा विश्वास असलेलं घर मी पहिल्यांदा बघतोय. आमच्याकडे हेच दार चौघांनी चारदा मोजलं असतं आणि प्रत्येकानं उरलेल्या तिघांना खोटं पाडलं असतं.

वडील : म्हण की सरळ, म्हातारा चुकला. तुझ्या या नव्या वर्कशॉपात तयार झालेले सुटे भाग मापून तपासायचं काम माझं ठरलं होतं ना? दुसरं माणूस बघ. खिडकीजवळचं माझं टेबल काढ आणि तिथे एक कुंडी ठेव. तीसुद्धा दहानं चुकायची नाही.

मुलगी : शिवाय कुंडी टोमणे मारत नाही.

मुकादम : पूर्वरंग रंगला छान. आता मूळ कथेकडे वळू या? चौकट फोडायची का?

वडील : चौकटीला बोट लावून तर बघा! मला सांग पोरी, मशीनचं हेड, हे वरचं डोकं, इतकं वर का आहे?

मुलगी : आधीच्या मालकानं तसंच वर ठेवून दिलं. खाली घ्यायला वीज लागते. थ्री-फेजची वीज आत आहे. कंट्रोलचा डबाही आत, अजून खोक्यात.

मुकादम : म्हणजे मशीन एकदा आत गेलं, की आत जाण्याइतकं बुटकं होईल. कुणी आखलं म्हणालात हे सगळं?

वडील : कंट्रोलचे डबे यायच्या आधी हेड काय नवस बोलून खाली यायचं? वरची टोपी काढ, स्क्रूचं टोक दिसेल. पाना लावायचा आणि हातानं फिरवायचं. एका फेऱ्याला पाच मिलिमीटर. नऊ सेंटिमीटर उतरवलं की वर तीन मोकळे राहतील.

मुलगी : अठरा फेरे.

वडील : आणि हेड घसरलंच, तर मशीनचं टेबल फुटायला नको. खाली लाकडाचा ठोकळा हवा. मुकादम, आहे ठोकळा?

मुकादम : ट्रकमध्ये आहे, आणतो. तोवर दार आणखी आखूड करू नका म्हणजे झालं.

(मुकादम ट्रककडे जातो.)

वडील : गेला?

मुलगी : गेला.

वडील : ते तुझ्यावर सोडलं होतं वगैरे... तसं काही नव्हतं. वजा करायचे विसरलोच मी. कारण आत्ता उभ्या उभ्या सुचलं.

मुलगी : माहीत आहे.

वडील : काय माहीत आहे?

मुलगी : वजा केलेत की आकड्याखाली रेघ मारता तुम्ही. या कागदावर रेघ नव्हती. त्याच दिवशी दिसलं होतं मला.

वडील : आणि गप्प बसलीस? एकदा स्वतः दार मोजायचंस तरी!

मुलगी : आले होते टेप घेऊन. तुम्ही खिडकीजवळचं ते टेबल पुसत होतात. पुसून झालं, की लांब जाऊन बघायचात, परत येऊन पुसायचात. मी मागच्या मागे फिरले. म्हटलं, मनातल्या मनात केले असतील वजा.

वडील : सहाशे किलो लोखंड माझ्या मनावर सोडलंस?

मुलगी : विचारलं असतं, तर पुन्हा टेप हातात धरला नसतात.

वडील : आणि उद्या मी पास केलेला भाग चुकला असता, म्हणजे? तेव्हाही अशीच माया करणार होतीस? गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये माया बसत नाही, पोरी. माप बसतं.

मुलगी : मग विचारत जाऊ?

वडील : दर वेळी. मी चिडलो तरी.

मुलगी : चिडालच.

वडील : चिडणारच. तो माझा हक्क आहे.

मुलगी : आणि कुंडी?

वडील : कुंडी राहू दे बाहेर. टेबल खिडकीजवळच बरं दिसतं.

मुकादम : आला ठोकळा! फेरे कोण मोजणार, ते आधी सांगा. त्या हिशोबानं मी पळायची वाट मोकळी ठेवतो.

वडील : फिरवणार मी. मोजणार आम्ही दोघं, आपापले, मनात.

मुकादम : पुन्हा मनात? इतकं सोसूनही?

वडील : या वेळी शेवटी विचारायचं आहे.

मुकादम : आणि मी काय करू?

वडील : गप्प बसायचं. जमेल तितकं.

मुकादम : बसतो की. (ठोकळा ठेवून होतो. वडील पाना फिरवू लागतात.) उतरतंय हां... अहो, चौकटीच्या खाली आलं!

वडील : शू!

मुलगी : थांबा. बाबा, किती झाले?

वडील : अठरा.

मुलगी : माझेही अठराच.