जुलेखाबीची हाक

ऐका. जरा जवळ सरका, मधे कुणी बोलू नका.

माळावरच्या दर्ग्याचे मुजावर, बदरुद्दीनचाचा. तुम्ही नाही पाहिलेत, मी पाहिलेत. दर्गा झाडायचा, दिवा लावायचा, उरलेला वेळ किताबांत. फारसी यायची, अरबी यायची, मोडीसुद्धा! लांबलांबचे मौलवी अडलेला शब्द विचारायला यायचे. अर्ध्या गावाला अक्षर त्यांनी शिकवलं. माझ्या बापालाही. राहिली फक्त घरची बाई. जुलेखाबी म्हणायची, "मलाबी शिकवा की." चाचा म्हणायचे, "उद्या." तीस वर्षं उद्या! आणि एका श्रावणात ओढा उतरताना लोंढा आला. बाई गेली. "अजी, अजी" ओरडत गेली. काठावरच्यांनी ऐकलं.

वर्ष उलटलं. चाचा चिंचवाडीला मयतीला गेलेले. माती देऊन निघाले तर अंधार पडलेला. लोक म्हणाले, "राहा." ऐकतात कुठं? गुरुवार होता, दर्ग्यात दिवा लावायचा होता. धरली जवळची वाट. ओढ्याची.

आधी मागं बांगड्या वाजल्या. वळले. कुणी नाही! ओढ्याशी आले तर पलीकडं उजेड. जवळ येईना, लांब जाईना. आणि मग हाक आली.

"अजी, ऐकलं का?"

अगं बाई! तोच आवाज!

"आज तरी शिकवा."

चाचा तिथंच खाली बसले. ओल्या वाळूत बोटानं अलिफ काढला. "हा बघ, अलिफ. पहिलं अक्षर."

"दिसत नाही. जरा पुढं काढा."

पुढं सरकले. बे काढला.

"अजून पुढं."

वाळू संपली, पाणी लागलं. चाचा पाण्यावर बोट फिरवतायत हो! गुडघा बुडाला. कंबर. छाती.

"या ना, बदरुद्दीन."

चाचा थिजले. तीस वर्षांत जुलेखाबीनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बुडतानासुद्धा नाही!

"तू ती नाहीस!" ओरडून मागं फिरले. तोच पायाला मिठी पडली. गारेगार! करंजाची मुळी हाती लागली, तिला लोंबकळले. मळ्यात माझा बाप होता. आरोळी ऐकून धावला, पटका टाकला, ओढून काढलं.

"वाचलात, चाचा."

चाचा ढसाढसा रडत होते. "आवाज तिचाच होता रे. दोनच अक्षरं झाली होती."

पुढं दहा वर्षं जगले. लांबच्या वाटेनंच यायचे. पण ओढ्याच्या फाट्यावर थांबायचे, कान द्यायचे. मी पाहिलंय. तोंडावर भीती नसायची.

म्हणून सांगते, त्या ओढ्याच्या वाटेनं जायचं नाही. माळाला वळसा पडला तर पडू दे. आणि अंधारात आपलं गेलेलं माणूस बोलावतंय असं वाटलं, तर रडा. खुशाल रडा. पण पाऊल टाकू नका.