लोकांमध्ये वावर

(विद्यापीठाच्या एमबीए विभागाचा व्हरांडा. आत पुण्याच्या एका बियाणे कंपनीच्या मुलाखती चालू आहेत. खुशबू नुकतीच बाहेर आली आहे. विभागप्रमुख सुरेंद्र सर दाराशीच उभे आहेत.)

खुशबू : झालं सर, एकदम मस्त! एकदाही ‘मले’ नाई म्हटलं.

सर : ‘नाही’ म्हण.

खुशबू : आता बाहेर आली ना, आता तं बोलू द्या. ‘मला-मला’ करून जीभ सुजली मायी.

सर : स्ट्रेंथ-वीकनेस विचारलं का? आपण घोकलेलं?

खुशबू : कुठी! म्या इंग्रजीत तोंड उघडलं, तं मॅडम म्हणे, रिलॅक्स, मराठीत बोलू. मले तं हरिकच आला, नाचाव वाटलं.

सर : मराठीत? मग जिंकलो आपण! आपल्या विभागात पहिल्यांदा कंपनी आली, तीही बहुतेक रस्ता चुकून. बोल, काय विचारलं?

खुशबू : म्हणे, लोकांमध्ये तुमचा वावर कसा आहे?

सर : उत्तम प्रश्न. फिल्ड ऑफिसरला हेच विचारणार. तू काय म्हणालीस?

खुशबू : खरं तेच. लोकांमध्ये फसला आहे, मॅडम. चारही बाजूंनी लोकांचे, मधात आमचा.

सर : फसला? काय फसला?

खुशबू : वावर.

सर : अरे देवा.

खुशबू : त्या ‘तुमचा-तुमचा’ म्हणे, तं म्याबी ‘आमचा वावर’ म्हटलं. मले वाटलं, पुण्याकडं वावर पुल्लिंगी असन. पाहुण्यायची चूक काऊन काढाची?

सर : पुढे?

खुशबू : पुढं म्हणे, मग लोकांशी जुळवून कसं घेता? म्हटलं, घेत नाही. बैलबंडी त्यांच्या धुऱ्या-बांधावरून जाऊ देत नाहीत, म्हणून दरसाल भांडण होतं. तुतारी घेऊनच जातो.

सर : बैल हाकायच्या काठीला तुतारी म्हटलं तू?

खुशबू : हो. मॅडम म्हणे, अरे वा, वाजवता का? म्हटलं, आईनं वाजवली ना मागच्या वर्षी, एकाच्या डोक्यात.

सर : अवं बयताडे! त्यायच्याकडं वावर म्हणजे शेत नाई!

खुशबू : सर, ‘बयताड’ नाही, ‘वेडी’ म्हणा.

सर : वावर म्हणजे उठणं-बसणं, लोकांत मिसळणं. ती विचारत होती, माणसांशी तुझं कसं जमतं?

खुशबू : मंग शेताले काय म्हणते ते?

सर : शेत.

खुशबू : बियाण्याची कंपनी हाय सर. वावर माहीत नाई, तं बी कुठी पेरते? टेबलावर?

सर : हसू नको. एकच जागा आहे.

खुशबू : हसून नाई राह्यली मी. मले पायजे ना ते नोकरी. गावात लोक म्हणते, ना मास्तरीन ना नर्स, एमबीए म्हणजे हाय तरी काय? बाबानं साऱ्यायले सांगून ठेवलं, पोरगी सायब होते म्हणून. इंग्रजीत विचारलं असतं तं निघाली असती सर. मराठीनं मारलं मले.

सर : थांब. आत आता प्रफुलची मुलाखत चालू आहे, तो बाहेर आला की मी आत जातो, मॅडमना नीट समजावतो. हसतील आणि परत बोलावतील तुला.

प्रफुल : सर! झालं सर! घेतलं मले!

सर : घेतलं? लगेच?

प्रफुल : हात मिळवला मॅडमनं. म्हणे, तुमचंच नाव पाठवते.

खुशबू : तुले काय विचारलं रे?

प्रफुल : लोकांमध्ये वावर कसा आहे? मले तं घामच फुटला. खोटं कसं बोलाव? सांगून टाकलं, आमचा वावर नाही मॅडम. आम्ही लोकांच्याच वावरात असतो. लहानपणापासून, सगळं घर.

सर : मग?

प्रफुल : खूश झाल्या. म्हणे, आईवडील समाजकार्य करतात का? म्हटलं, नाही, रोजीनं जातात. म्हणे, रोज जातात? वा! असाच माणूस हवा आम्हाला. सर, मी मायले फोन करून येतो. धानाच्या रोवण्यात असन आता, चिखलाच्या हातानं उचलते का नाई कोण जाणे.

सर : जा, जा, आधी फोन कर... गेला. आता मी आत जातो.

खुशबू : काऊन?

सर : काऊन म्हणजे? गैरसमज दूर करायला. तू पहिली आहेस वर्गात.

खुशबू : माया गैरसमज दूर झाला तं त्याचाबी होते ना, सर.

सर : हं.

खुशबू : तो काई खोटं नाई बोलला.

सर : तू तरी कुठं बोललीस?

खुशबू : मले लय राग येऊन राह्यला सर. त्याच्यावर नाई. कोणावर, तेच समजत नाई.

सर : मग जाऊ दे ना मला आत!

खुशबू : नोका जाऊ. बसा तुमी.

सर : आणि बाबांना काय सांगशील?

खुशबू : सांगीन, मराठीत नापास झाली.

सर : अगं, पण तुझं काय?

खुशबू : आमाले वावर तरी हाय, सर.