मोबाइलांचा गोठा

— नाही, नाही, ताई, कुलूप मी लावून देणार नाही. आज तर नाहीच नाही. तो पाट बघा ना तिकडं — आज खंडेनवमी. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, सगळी मंडळी हळदीकुंकू लावून, झेंडू माळून बसली आहेत. आज त्यांना कामाला जुंपायचं नाही, उद्या सोनं वाटून झालं की मग. आमच्या वाल्मीक मिस्त्रीनं तर सकाळी पूजा केली, पेढा तोंडात टाकला आणि गेला गावाला. तेव्हा आज नुसतं बघायचं, हात फिरवायचा, वास घ्यायचा — घ्या, घ्या, संकोच कसला, सागवान आहे — आणि ठरवायचं. बसा ना. दुकान बंद नाही, हत्यारं बंद आहेत. तोंड चालूच आहे माझं.

आणि उद्या-परवा आलात तरी कुलूप नाही. का म्हणून काय विचारता? अहो, तुमच्याच महाळुंग्याच्या एका साहेबांना दिलं होतं मी लावून. शैलेश नाव, भला माणूस, आडनाव सांगत नाही, तुमच्या लिफ्टमध्ये भेटायचे. त्यांना पोराच्या फोनसाठी हवी होती पेटी. जाड झाकण, पितळी कडी, कुलूप. मी म्हटलं, साहेब, मोबाइल ठेवायचाय की दागिने? पण गिऱ्हाइकाचा शब्द, दिली करून. किल्ली कुठं ठेवायचे सांगू? ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला, गळ्यात! आंघोळीलाच काय ती उतरवत असतील. पोरगा रोज संध्याकाळी शहाण्यासारखा यायचा, फोन पेटीत ठेवायचा, अभ्यासाला बसायचा. बापाची छाती अशी. मला फोन करून सांगायचे, दयानंदशेठ, पेटीनं जादू केली. मग पोराचा वाढदिवस आला. साहेबांना आलं प्रेमाचं भरतं, सगळ्यांसमोर पेटी उघडली — घे बाळा, आज मोकळीक! आणि फोन हातात घेऊन बघतात तर काय? त्यांचाच! त्यांचा स्वतःचा जुना, काच तडकलेला, मागे कधी तरी हरवला म्हणून अख्खं घर उलटंपालटं केलेला फोन! पोराचा खरा फोन पोराच्या खिशात, आणि साहेब एवढे दिवस एका मेलेल्या फोनचा पहारा करत होते, गळ्यात किल्ली घालून!

हसताय तुम्ही, पण तुमचा ओम दहावीला ना? मग पुन्हा एकदा हसून घ्या.

हे बघा, याला मी पेटी म्हणतच नाही. आमच्या घरी याला गोठा म्हणतात. आईनं ठेवलेलं नाव आहे ते, सगुणाबाईनं. आता तुम्ही जिथं बसलाय ना ताई, तिथं आमचा खराच गोठा होता, दुकान नंतर आलं. तर पहिला नमुना घरी ओट्यावर ठेवला, त्यात फोन ओळीनं उभे, प्रत्येकाच्या मागून एकेक वायर, तोंडाशी चार्जर. आई आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो तर गोठाच हाय की रं! दावी बांधल्याती, वैरण टाकलीया, आता निस्तं हंबरायचं ऱ्हायलंय!" आणि त्याच क्षणी एक फोन वाजला बघा. थरथरला असा, गुर्र गुर्र! म्हातारी हसून हसून खालीच बसली.

पण बोलली ते खरं बोलली. जनावर संध्याकाळी घरी येतं ते काय कुलपाला भिऊन? गव्हाणीत वैरण असते म्हणून येतं, आपली जागा ओळखून येतं. म्हणून याची जागा पोरांना आपली वाटली पाहिजे. हा खण बघा, हा टॅबसाठी, उंच. हे दोन फोनचे. ही बारकी वाटी कोरलीय ती कानात घालायच्या त्या बोंडांसाठी, नाही तर ती धुण्याच्या मशीनमध्येच सापडतात — तुमच्याकडंही? बघा! हेडफोनला ही खुंटी. मागची फळी पूर्ण बंद नाही ठेवली, वेताची जाळी आहे. चार्जर तापतो, त्याला वारा लागतो. आणि खण सरळ नाहीत, जरा मागं कललेत. का? सरळ उभा केला की फोनची काच समोर, पोरांची नजर तिच्यावर. मागं कलला की काच दिसते छताला. पेटली तरी छताला पेटली!

हो हो, डोकं लागतं त्याला. चालवलं की मी डोकं. पहिल्यांदा फजितीही झाली हो. फोनचं माप घ्यायला जुईलीचा फोन मागितला, जुईली म्हणजे माझी मुलगी, बारावीला आहे. मी आपला व्यवस्थित माणूस, फोनचं कव्हर काढून बाजूला ठेवलं, गुण्या लावला, सूतभरही इकडचं तिकडं नाही. वाल्मीकनं खाचा पाडल्या. काय बसला फोन! जणू लाकडाच्या पोटातच जन्मला. मग पोरांनी कव्हरं चढवली. कुणाच्या कव्हराला सशाचे कान, कुणाच्या मागं अंगठी, कुणाचं रबर माझ्या चपलेएवढं जाड. एकही फोन आत जाईना! जुईली म्हणते, "अप्पा, तुम्ही अंगाचं माप घेतलं आणि स्वेटर विसरलात." घ्या. जन्म गेला दारंखिडक्यांची मापं घेण्यात आणि पोरगी मला कपडे शिकवते! मग तिनंच खण रुंद करून दाखवले, आत जाड लोकरीच्या कापडाच्या पट्ट्या लावल्या — कव्हर असो नसो, फोन हलत नाही. म्हणजे... लावल्या आम्हीच, वाल्मीकनं. तिनं फक्त सांगितलं.

उचला, उचला फोन. मघापासून वाजतोय बिचारा. ऑफिसचा असेल... नाही? बरं. हे बघा, आता खरी मेख सांगतो, रागावू नका. या गोठ्यात सगळ्यात मोठा खण कुणाचा असेल? हा, पहिला, डावीकडचा? ओमचा नाही. तुमच्या जान्हवीचाही नाही. तुमचा! तुमचा आणि तुमच्या साहेबांचा. जेवायला बसताना आधी या खणात फोन पडला पाहिजे, मग पोरांच्या. त्याशिवाय मी विकतच नाही. का हसू नये मी? तुम्ही आल्यापासून पोरं फोन सोडत नाहीत, सोडत नाहीत म्हणून सांगताय, आणि एवढं सांगताना स्वतःचा कितीदा उलटा-सुलटा केलात ते मी मोजलं नाही, पण त्या झेंडूच्या माळेनं सुद्धा बघितलं असेल! अहो, माझंही तसंच होतं. मालाचे फोन, साइटचे फोन. मी पहिल्या दिवशी म्हटलं, हा खण कशाला, मी काय पोर आहे? तर ती म्हणाली, "मग हे तुम्ही बनवलेलं लोकांना विकू नका, अप्पा. ज्याला पोरांना बांधायचंय पण स्वतः मोकळं फिरायचंय, त्याला दावं विकणं झालं हे."

कोण म्हणजे? जुईली. हो, ही कल्पनाही... तिचीच. ते कललेले खण? तेही. वेताची जाळी — अहो, आता सगळंच विचारा! हो, तिचंच. सगळंच तिचं. मी वर पाटी लावलीय 'आमची खास रचना', ती काही खोटी नाही, आमची म्हणजे घरची. रेघा तिच्या, लाकूड माझं. त्या टॅबवर रात्रंदिवस काढत असते. मी ओरडायचो, अभ्यास सोडून काय त्या पाटीवर गिरवतेस म्हणून. टॅब काढून घ्यायला गेलो, तर त्यात काय? हाच गोठा, सगळ्या बाजूंनी. वरून, खालून, पोटातून. वाल्मीक म्हणाला, शेठ, असा कागद मला कुणी आजवर दिला नाही, यात विचारायला काही उरतच नाही.

तो टॅब? तोच. तो पाटावरचा. तुमची नजर मघापासून तिकडंच आहे, कळतंय मला. हो, करवतीशेजारीच ठेवलाय, पेन पण वर. मी नाही ठेवला. सकाळी पूजेची तयारी चालली होती, मी हत्यारं पुसून मांडत होतो, आणि ही आली, टॅब पुसला ओढणीनं, ठेवला ओळीत, पटाशीच्या पुढं. आई म्हणाली, "ह्ये काय ठिवलंयास हितं?" तर म्हणते, "माझं हत्यार, आज्जी." एवढंच. माझ्याकडं बघितलं पण नाही. गेली आत.

मी सगळ्यांना कुंकू लावलं. करवतीला, रंध्याला, गुण्याला. त्या टॅबपाशी आलो आणि बोट थांबलं. म्हणून तो तसाच आहे, कोरा. दिसतंय ना? फूलही नाही त्यावर.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात, लावायचं एक बोट कुंकू. तसं नसतं ना ताई. पाटावर जे बसतं ते कामाचं. ज्याच्यावर घर चालतं ते. एकदा त्याला कुंकू लावलं की मग त्याला खेळणं म्हणता येत नाही. आणि तिला पाहिजे तेच. अहमदाबादला कुठं तरी एक कॉलेज आहे म्हणे, तिथं लाकडी सामानाची रचना शिकवतात. आमच्याच घरचं काम, आणि शिकायला जायचं परराज्यात! मी म्हटलं, काय शिकायचं ते वाल्मीककडून शीक. तर म्हणते, वाल्मीककाकांचं सगळं शिकून झालं, आता त्यांना येत नाही ते शिकायचंय. त्याची परीक्षा द्यायची म्हणते. आणि मी सांगतो, कॉम्प्युटर कर. तुमच्यासारखं. आपल्या या चांदे गावातून हिंजवडी किती लांब? संध्याकाळी माझ्या गच्चीवर उभं राहिलं की तिकडचे दिवे दिसतात सगळे. त्यातला एक दिवा तिच्या ऑफिसचा असेल, आठ वाजता विझेल, नऊ वाजता पोरगी जेवायला घरी. अहमदाबादचा कुठला दिवा दिसणार मला गच्चीवरून?

...बघा, कुलपावरून कुठं आलो मी. तुम्हीच हसताय आता.

एक विचारू का? तुम्ही धाराशिवच्या म्हणालात ना मघाशी. वडिलांनी पुण्याला शिकायला पाठवलं तेव्हा स्टँडवर आले होते का सोडायला? आले होते. हं. आणि काय म्हणाले? — काहीच नाही? गाडी हलली तरी? नुसती पिशवी वर दिली खिडकीतून... आणि पिशवीत? शेंगाचटणी. हं. एवढी बोलणारी माणसं आम्ही बाप, आणि ऐन वेळी चटणी देतो.

नका नका, डोळ्यांना काही झालं नाही माझ्या, ऊद, उदाचा धूर आहे तो. तुमच्याही गेला वाटतं डोळ्यांत. घ्या, पाणी घ्या.

तर ठरलं मग? कुलूप नको. बरं झालं. फोन-टॅब मिळून चार खण पोरांचे, एक मोठा तुमचा, आणि घरी गेल्यावर ओमला विचारा — त्याला कसा पाहिजे ते. त्याच्याच हातानं कागदावर काढून द्या म्हणावं, वेडंवाकडं असलं तरी चालेल. ज्यानं स्वतः काढलंय त्यात तो फोन ठेवतो, हे मी घरात बघितलंय. माझ्या पोरीचा टॅब जेवताना कुणी न सांगता गोठ्यात असतो. माझाच फोन कधी कधी... असो. आणि माप आणताना कव्हरासकट आणा, कानांसकट, शेपटीसकट!

आता एक शेवटचं, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या म्हणून विचारतो. त्या काचेला... म्हणजे, ओलं कुंकू लागलं तर काही बिघडतं का हो? आत जाऊन काही होतं? नाही ना? कडेला लावलं तर? मधोमध लावलं तरी चालतं? पुसलं जातं. बरं. बरं.

निघा मग तुम्ही आता. नाही, नाही, आगाऊ वगैरे काही नको, आज काम नाही तर पैसेही नाहीत. दसरा होऊ द्या, मग या. झेंडू कोपऱ्यावरच्या दुकानात घ्या, रस्त्यावरचा नको, शिळा असतो. पायरी बघा. आणि जाताना ते दार तेवढं ओढून घ्या, मला जरा...

जुईले! ए जुईले! कुटं हायेस गं? ती कुक्वाची वाटी घिऊन ये भाईर. व्हय, आत्ताच. आन् तू बी ये.