चौदा नंबरचा पाना

हवाई दलाचा बंद पडलेला तळ आता धंद्यांसाठी भाड्याने देणार होते. अर्जांच्या रांगेत माझ्यापुढे एक लेक आणि तिचे म्हातारे वडील उभे होते.

“लढाऊ विमानांच्या हँगरमध्ये तू बस दुरुस्त करणार?”

“करणार. तुम्ही नाक मुरडलंत तरी करणार.”

“दारं गंजलीत. चौघांनी ढकलली तरी हलायची नाहीत.”

“मग आठ जण लावीन. आधी भिंती रंगवून घेते.”

“ए, आतल्या भिंतीला हात लावायचा नाही! तिथे आमच्या हत्यारांचे आकार काढलेत. प्रत्येक हत्यार आपापल्या आकारावर टांगल्याशिवाय आम्ही विमान सोडत नव्हतो. एक पाना इंजिनात राहिला, की वैमानिक गेलाच.”

“मग बसलाही तोच नियम.”

“एक आकार रिकामा आहे.”

“कुठला?”

“चौदा नंबरचा पाना. शेवटचं विमान सोडायच्या घाईत माझ्या खिशात राहिला.”

“ज्याने माझी सायकल दुरुस्त करायचात, तो?”

“तोच. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो, तर फाटकाला कुलूप.”

“पुढे सरका!” खिडकीतून कारकून ओरडला.

“बाबा, आता दोघांनंतर आपला नंबर. निघालात कुठे?”

“घरी. पाना घेऊन येतो. तू रांग सोडू नकोस.”